डॉक्टर का नाही झालीस, आणि शिकवतेस तरी काय?

सॅन होजेला मंडळाचा गणपती असो की पुण्याहून आलेला मावशीचा फोन, प्रश्न ठरलेला असतो. इतकी वर्षं जनावरांच्या दवाखान्यात आहेस, मग डॉक्टरच का नाही झालीस? त्याला जोडून दुसरा: कुत्र्या-मांजरांच्या वागण्याबद्दल लोकांना शिकवतेस म्हणजे नेमकं करतेस काय? तुम्ही विचारलंत म्हणून दोन्हींचं उत्तर एकत्रच देते, कारण पहिल्याचं उत्तर दुसऱ्यात आहे.

मी रजिस्टर्ड व्हेटर्नरी टेक्निशियन आहे, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरांच्या हाताखाली काम करणारी नोंदणीकृत तंत्रज्ञ. मान्यताप्राप्त कॉलेजचा साधारण दोन वर्षांचा कोर्स, मग व्हीटीएनई ही टेक्निशियन होण्यासाठीची परीक्षा, मग राज्याकडे नोंदणी. कॅलिफोर्नियात आम्ही डॉक्टरांच्या देखरेखीखाली भूल देतो, टाके घालतो, दातही काढतो. निदान, औषध लिहून देणं आणि शस्त्रक्रिया डॉक्टरांकडे. पण डॉक्टरांच्या एका अपॉइंटमेंटमध्ये तपासणी, लस, रक्ताचे रिपोर्ट एवढंच कसंबसं मावतं. "घरी आजोबांवर गुरगुरतो हो" हे वाक्य बहुतेक वेळा दाराशी, निघता निघता येतं. त्या वाक्यासाठी थांबायला कुणीतरी हवं. ते काम मला हवं होतं, म्हणून मी टेक्निशियनच राहिले.

'अमेरिकन व्हेटर्नरी सोसायटी ऑफ अ‍ॅनिमल बिहेवियर' या, प्राण्यांच्या वागणुकीवर काम करणाऱ्या पशुवैद्यांच्या संस्थेने २००८ मध्ये स्पष्ट लिहिलं की तीन वर्षांखालच्या कुत्र्यांच्या मृत्यूचं पहिलं कारण संसर्गजन्य रोग नाहीत, वागणुकीचे प्रश्न आहेत. चावतो, घरात एकटा राहत नाही, पाहुण्यांवर धावून जातो, म्हणून धडधाकट कुत्रा शेल्टरमध्ये सोडला जातो आणि तिथून पुढे सगळ्यांनाच घर मिळत नाही; काहींना शेवटी इंजेक्शन देऊन मारलं जातं. लस सगळे आठवणीने देतात. वागणुकीच्या या कारणावर मात्र घरात कुणी बोलत नाही, आणि मला ते फार लागतं.

एका मराठी घरातली गोष्ट सांगते. लॅब्रेडॉर, वर्षभराचा. आजी-आजोबा नाशिकहून सहा महिन्यांसाठी आले. आजोबांच्या हातात काठी, आजींच्या साडीचा पदर सतत हलणारा. कुत्र्याने असं माणूस कधी पाहिलेलंच नव्हतं. तो गुरगुरला की घरचे ओरडायचे. थोड्या दिवसांनी गुरगुरणं थांबलं, सगळ्यांना बरं वाटलं, आणि एका सकाळी त्याने आजोबांच्या हाताशी दात आपटले. गुरगुरणं ही कुत्र्याने दिलेली सूचना असते. ओरडून सूचना बंद होते, भीती तशीच राहते.

आधी डॉक्टरांनी कान, दात, सांधे तपासले, कारण कुठे दुखत असेल तर शिकवण्याला अर्थ नाही. मग मी सगळ्यांना हॉलमध्ये बसवलं आणि नुसतं बघायला सांगितलं. आजोबांनी काठी उचलली. कुत्र्याचं उघडं तोंड मिटलं, जीभ झपकन नाकावरून फिरली, डोळ्याच्या कडेचा पांढरा भाग दिसला, अंगाचा भार मागच्या पायांवर गेला. आजी पटकन म्हणाल्या, "अगं, हा तर घाबरलाय!" तोवर घरात सगळे त्याला माजोरडा म्हणत होते.

पुढचं काम साधं, पण चिकाटीचं. घर शाकाहारी, म्हणून पनीरचे बारीक तुकडे घेतले. काठी हलली की लगेच पनीर. क्रम महत्त्वाचा: आधी काठी, मग पनीर, म्हणजे काठी दिसली की खाऊ येतो हे त्याच्या मनात बसतं. आजोबांनी त्याला बोलवायचं नाही, त्याच्याकडे टक लावून बघायचं नाही. अंतर किती? तो काठी पाहूनही खातो आहे, एवढं. खाणं थांबलं की आपण फार जवळ गेलो. हे कित्येक आठवडे चाललं, रोज थोडंथोडं, आणि चिकाटी दाखवली ती आजोबांनी.

असं होऊ नये म्हणून पिल्लांचे वर्ग घेते. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून तीन महिन्यांपर्यंत पिल्लू जे शांतपणे पाहतं, ते त्याला पुढे ओळखीचं वाटतं. सगळ्या लसी होईपर्यंत घरातच ठेवायचं, हा सल्ला अजून चालतो. वर सांगितलेल्या त्याच अमेरिकन संस्थेच्या मते पहिल्या लसीनंतर किमान सात दिवसांनी, सात-आठ आठवड्यांचं पिल्लू वर्गात येऊ शकतं. मी वर्गात छत्री, हेल्मेट, काठी नेते, आणि आपली मंडळी असतील तर साडी नेसून जाते. मांजरवाल्यांना एवढंच सांगते की कॅरियर, म्हणजे मांजर न्यायची पेटी, माळ्यावर ठेवू नका, हॉलमध्ये उघडा ठेवा.

सुट्टीत पुण्याला आले की भाचीच्या शाळेतही बोलते. तिथे विषय गल्लीतल्या कुत्र्यांचा: खाणाऱ्या, झोपलेल्या, पिल्लांजवळच्या कुत्र्याला हात लावायचा नाही, पळायचं नाही. चावलाच तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी दवाखान्यात जायचं. मुलं हे घरी जाऊन मोठ्यांना सांगतात.

कुणाच्या मुलीला या वाटेला यायचं असेल, तर पगार डॉक्टरपेक्षा बराच कमी आहे आणि पाठ, गुडघे दुखतात, हे आधी सांगते. वर्तन या विषयात टेक्निशियनला स्पेशालिस्ट होता येतं. त्यासाठी अनुभवाची वर्षं, केसेसची नोंदवही, सविस्तर रिपोर्ट आणि वेगळी परीक्षा लागते. माझी नोंदवही मी सध्या भरते आहे. लॅब्रेडॉरची केस त्यात आहे.