लॉस्ट मॅन क्रीकचा 'हलका चढ' आणि रेडवूडमधले तीन दिवस

परत येऊन तीन दिवस झाले, तरी जिना उतरताना मांड्या अजून ओरडतायत. पुढचं सगळं त्या मांड्यांच्या सांगण्यावरून लिहिलंय, हे आधीच कबूल करते. सायकल नियमित चालवणाऱ्यांसाठी, पंक्चर स्वतः काढता येणाऱ्यांसाठी हे आहे. बाकीच्यांनी गाडीतून जंगल बघावं, तेही छान दिसतं.

मी फ्रीमाँटहून गाडीने निघाले, मावसभावाला आर्काटाच्या विमानतळावरून उचललं आणि मेच्या पहिल्या शुक्रवारी संध्याकाळी आम्ही प्रेअरी क्रीक या स्टेट पार्कला पोचलो. कॅलिफोर्नियाच्या अगदी उत्तरेला, समुद्राला खेटून असलेलं हे रेडवूडचं जंगल. मेचा पहिलाच आठवडा का, तर ऑक्टोबर ते मे या काळात दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी इथला न्यूटन ड्रुरी पार्कवे मोटारींना बंद असतो. दहा मैलांचा डांबरी रस्ता, दोन्ही बाजूंना शंभर मीटरच्या घरातली झाडं, आणि फक्त पायी किंवा सायकलने जाणारी माणसं. हा पूर्वी १०१ महामार्गच होता. पुढे बायपास झाला आणि हा तुकडा जंगलाला परत मिळाला. निघण्याआधी पार्कला फोन करून खात्री मात्र करा.

शनिवार सुरेख गेला. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. जा आणि बघा.

आता रविवार.

लॉस्ट मॅन क्रीकवरून होल्टर रिजला चढायचं, धारेवरून बॉल्ड हिल्स रोडला निघायचं, तिथून उतरून १०१ ला लागायचं आणि परत गाडीपाशी. साधारण वीस मैलांचा फेरा, त्यातले अकरा मैल मोटारबंद कच्चा रस्ता. तीन वेगवेगळ्या ठिकाणी मी 'हलका चढ, नंतर रोलिंग', म्हणजे छोटे छोटे चढउतार, असं वाचलं होतं. सायकल भाड्याने देणाऱ्या दुकानातल्या मुलानेही मान डोलावली होती, "लहान मुलं घेऊन जातात लोक." लोक लहान मुलं नेतात हे खरं आहे. ती पहिल्या दीड मैलावरून परत येतात, हे सांगायचं तो विसरला.

कारण पहिला दीड मैल म्हणजे स्वप्न आहे. सपाट वाट, शेजारी ओढा, लाकडी पूल, बुंध्यांवर गुडघाभर नेचे. टायरखाली पानांचा असा जाड थर की स्वतःच्या सायकलचा आवाज येत नाही, फक्त धुक्याचे थेंब टोपीवर टपटपतात. इथलं धुकं वरच्या फांद्यांमध्ये अडकतं आणि खाली पाऊस होऊन गळतं. कोरड्या उन्हाळ्यात या झाडांना जगवणाऱ्या पाण्याचा बराच वाटा या गळतीचा असतो. वाटेच्या मधोमध वेलची केळ्याएवढी पिवळीधमक गोगलगाय बसली होती, बनाना स्लग. भाऊ तिला वळसा घालायला गेला आणि नेच्यांत पडला. हसलो. फोटो काढले. पुढे घरी येऊन बघितलं, तर नेटवरचे या ट्रेलचे जवळपास सगळे फोटो त्याच दीड मैलातले. वर कुणाच्या हातात फोन धरायची ताकदच उरत नसणार.

शेवटच्या पुलानंतर वाट ओढ्याला सोडते आणि तोंड वर करते. मला आधी वाटलं तेवढ्यापुरतं असेल, म्हणून उभी राहून पेडल मारले. वळणापलीकडे तसाच चढ. त्यापलीकडे अजून तसाच. माझ्या सायकल-कॉम्प्युटरवरचा चढाचा आकडा बारा-तेरा टक्क्यांवर येऊन बसला तो हलेचना. कॉलेजात असताना सिंहगड सायकलने चढलेली बाई आहे मी. पण तिथे डांबर असतं आणि वर गेल्यावर पिठलं-भाकरी असते. इथे सुटी खडी. उभं राहिलं की मागचं चाक जागेवर फिरतं, बसलं की पुढचं उचलतं. म्हणजे खोगिराच्या अगदी टोकावर बूड टेकवून, नाक हँडलबारपाशी आणून, चालण्याच्या वेगाने वर सरकायचं. अर्ध्या तासाने भाऊ म्हणाला, "ताई, मी उतरतो." मी म्हटलं, "उतर." दहा मिनिटांनी मीही उतरले. ढकलताना बुटांच्या क्लीट, म्हणजे बूट पेडलला अडकवणाऱ्या तळाच्या पट्ट्या, खडीवर घसरत होत्या. पंधरा पावलं, थांबा. पंधरा पावलं, थांबा.

गिअरचं नीट ऐका. माझ्या जुन्या टूरिंग सायकलला पेडलपाशी ३० दातांचं चाक (चेनरिंग) आणि मागच्या चाकावरच्या कॅसेटमध्ये सगळ्यात मोठं ३४ चं आहे, तरी मी हरले. भावाच्या भाड्याच्या ग्रॅव्हल बाइकला पुढे एकच ४० ची आणि मागे ४२, म्हणजे माझ्याहून जड गिअर. कागदावर फरक थोडा दिसतो, गुडघ्याला तो थोडा वाटत नाही. सामान लादून जाणार असाल तर याहून हलका गिअर हवा, नाहीतर तुम्ही सायकल फिरायला नेताय, एवढंच. टायर ४० मिलिमीटरच्या खाली नको.

आणि एवढं करून वर काय? बारीक झाडं. हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. १९६८ साली नॅशनल पार्क झालं तेव्हा ओढ्याकाठच्या जंगलाचे मोजके पट्टे वाचले, भोवती तोड चालूच राहिली. १९७८ मध्ये आणखी ४८ हजार एकर जमीन पार्कात आली, पण तिच्यावरची बहुतेक जुनी झाडं तोवर गेली होती. आपण चढतो तो रस्तासुद्धा लाकडाच्या ट्रकसाठी काढलेला. चढणाऱ्याची फिकीर त्यात कोण करणार! तोडीनंतर उगवलेली झाडं काड्यापेटीतल्या काड्यांसारखी एकमेकांना चिकटून उभी आहेत, खाली अंधार आणि मेलेल्या फांद्या. पार्कवाले आता त्यांची विरळणी करतायत, म्हणजे उरलेल्यांना वाढायला जागा मिळेल. त्या कामासाठी ही वाट मध्येच बंदही ठेवतात, तेव्हा तेही आधी विचारा. मला ते सगळं बघायला मिळालं याचं वाईट नाही वाटत. दोन हजार फूट वर सायकल ढकलून ते बघायचं नव्हतं, इतकंच.

धारेवर 'रोलिंग' आहे हे मान्य. पण पाय संपलेले असताना प्रत्येक छोटा उतार हा पुढच्या चढाची नोटीस वाटतो. वर पाणी नाही. मी दोन लिटर घेतलं होतं, ते बॉल्ड हिल्स रोडचं फाटक दिसण्याआधीच संपलं. तीन लिटर घ्या, आणि फिल्टर असेल तर पुलांपाशीच बाटल्या भरा. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी होती म्हणून आम्ही माणसांसारखं बोलत होतो.

बॉल्ड हिल्स रोडची उतरण हा वेगळा मामला. डांबरी, मोटारी असलेला, खालच्या टप्प्यात पंधरा टक्क्यांच्या आसपास उतार. लेडी बर्ड जॉन्सन ग्रोव्हला येणाऱ्या गाड्या वळणावर अचानक समोर येतात. रस्ता धुक्याने ओला. माझे डिस्क ब्रेक आधी कुईं करत होते, मग गुरगुरायला लागले, आणि लिव्हर हळूहळू हँडलबारच्या जवळ यायला लागला. थांबले. डिस्कवर फांदीवरून एक थेंब पडला तो चुर्र झाला. पाच मिनिटं थांबून पुन्हा निघालो, असं तीनदा. नवीन पॅड टाकूनच जा. खाली १०१ वर गाडीपर्यंत दोन-अडीच मैल लाकडाचे ट्रक आणि घरांएवढ्या आरव्ही (राहायची सोय असलेल्या गाड्या) शेजारून जातात. मागचा दिवा दिवसाही लावा.

निकाल असा. जुनं जंगल बघायचंय? पहिला दीड मैल जा, पुलावर बसून खा, परत या. अकरा मैल करायचेच असतील तर कुणाला तरी गाडीने तुम्हाला होल्टर रिजच्या फाटकावर सोडायला लावा आणि उलटे उतरत या. आमची गाडी दिवसभर खाली रिकामी उभी होती, हे मला त्या चढावर सुचलं. भावाला तेव्हा सांगितलं नाही.

सोमवारी ऑसागॉन ट्रेलने समुद्रावर उतरून गोल्ड ब्लफ्स बीचमार्गे फेरा केला, साधारण एकोणीस मैल. ऑसागॉनचा उतार तीव्र आहे, काही ठिकाणी उतरून चालावं लागतं. पण पार्कवेकडून सुरू केलं तर तो आपल्या बाजूने असतो. उलट दिशेने कुणी सुचवलं तर नम्रपणे नाही म्हणा. खाली कड्यालगतच्या वाटेवर ओढे ओलांडावे लागतात, बूट भिजणारच. फर्न कॅनियनमध्ये सायकल नेता येत नाही, तोंडाशी ठेवून चालत जा. पंधरा मीटरच्या दोन भिंती नेच्यांनी लिंपलेल्या आहेत. वाटेत एल्कचा, म्हणजे भल्यामोठ्या हरणांचा, कळप आडवा बसला होता. मे-जूनमध्ये माद्यांबरोबर पिल्लं असतात आणि त्या अंगावर येतात, म्हणून आम्ही पाऊण तास वाळूत बसून राहिलो. त्यांना घाई नव्हती. परतीचा डेव्हिसन रोड कच्चा, त्यावर मोटारी आणि मध्ये एक टेकडी. आदल्या दिवशीच्या मानाने ती टेकडी म्हणजे गतिरोधक.

पैशांचं. गाडीने गेलात तर प्रेअरी क्रीकमधल्या एल्क प्रेअरी कॅम्पला तंबूची जागा रात्रीला ३५ डॉलर, आणि ती महिनोन् महिने आधी बुक करावी लागते. सायकलनेच आलेल्यांसाठी वेगळी जागा असते, माणशी ५ डॉलर. शेजारी पोर्टलँडहून सायकलवर आलेलं जोडपं तिथे दहा डॉलरमध्ये पसरलं होतं. अस्वलं आहेत, तेव्हा खाणं लोखंडी पेटीत ठेवायचं. मेतकुटाची पुडी तंबूत राहिली होती ती मी रात्री अकराला उठून पेटीत ठेवून आले. फोनला रेंज नाही, नकाशे आधी उतरवून घ्या. किराणा आर्काटातच भरा.

आणि सायकल शक्यतो स्वतःची न्या. भावाची भाड्याची सायकल आम्ही कॅम्पच्या नळावर टूथब्रशने घासून पुसून परत दिली. दुकानातल्या त्याच मुलाने ती उलटी केली, खोगिराखाली बोट फिरवलं, गोल्ड ब्लफ्सच्या चिखलाची एक खपली काढून आम्हाला दाखवली आणि सफाईचे ४५ डॉलर लावले. करारात बारीक अक्षरात होतं म्हणे. मी वाद घालणार होते. मग तो म्हणाला, "लॉस्ट मॅन क्रीक कसं वाटलं? हलकं आहे ना?"

भावाने मला दंडाला धरून बाहेर काढलं.