३६ फ्रेम

साध्या गोष्टींतल्या आनंदावर तीन मिनिटांचा अॅनिमेशनपट एका संस्थेने आमच्याकडून करून घेतला. उन्हाळ्यातली दुपार आहे. आजी उडदाच्या पापडांचे कुटलेले पीठ तेलाच्या हाताने लांब वळते, दोऱ्याने त्याच्या लाट्या पाडते आणि मागे घुटमळणाऱ्या नातीच्या तळहातावर, मान न वळवता, एक लाटी ठेवते. सगळा चित्रपट या एका शॉटसाठी होता.

सेकंदाला २४ फ्रेम असल्या तरी आम्ही एक चित्र दोन फ्रेम टिकवतो. त्या हिशेबाने सहा सेकंदांची ७२ चित्रे आमच्याकडच्या सर्वांत नवख्या मुलीने हाताने काढली. दोन चित्रांमधली चित्रे संगणक भरून देतो, पण त्या हालचालीला पिठाचा चिवटपणा येत नाही. लाटी चावताना जबडा उघडायला अडतो आणि मिटताना चटकन मिटतो, हे नेमके पकडण्यासाठी तिने घरून लाट्या आणल्या, आरशासमोर बसून खाल्ल्या आणि चघळण्याची आठ चित्रे चार वेळा नव्याने काढली. मग नात चघळायची थांबते आणि ३६ फ्रेम, म्हणजे दीड सेकंद, नुसती बसून राहते. एक गाल फुगलेला असतो आणि श्वासाने खांदे किंचित हलतात. इतके जिवंत काम मी फार थोड्या वेळा पाहिले आहे.

संस्थेच्या लोकांना मात्र नात आनंदी वाटली नाही. तिने खळखळून हसावे, असा त्यांचा आग्रह होता. दात दिसल्याशिवाय आनंद दिसत नाही, ही समजूत जाहिरातींनी घट्ट करून ठेवली आहे. संध्याकाळचे सहा वाजले होते आणि सकाळी चित्रपट द्यायचा होता. हसू घालणार नाही, हवे तर नातीचे ते थांबणे कमी करतो, असे मी म्हणालो आणि चित्रे काढणारी मुलगी शेजारीच बसलेली असताना तिला न विचारता २४ फ्रेम काढून टाकल्या. उरलेल्या अर्ध्या सेकंदात नजर नातीच्या चेहऱ्यावर पोहोचते न पोहोचते तोच पुढचा शॉट येतो.

हसू अडवल्याचे समाधान तेव्हा वाटले होते. आता वाटते की मी चुकीची गोष्ट वाचवली. गेल्या आठवड्यात सगळ्या ३६ फ्रेम परत घालून ओठांची रेघ एका कोपऱ्यात जराशी उचलून पाहिली. ते हसू खोटे वाटले नाही. त्या मुलीला दाखवले, तेव्हा तिने शॉट तीनदा लावून पाहिला आणि म्हणाली, “सर, ओठ उचलला की गाल पण थोडा वर जायला हवा. मी काढून देते.”