सांबरा ते बेंगळूर विमानानं: अंतर किती, वेळ खरा किती

बेळगावचा सांबरा विमानतळ ते बेंगळूरचा केंपेगौडा विमानतळ हे हवाई अंतर सुमारे ४४५ किलोमीटर. रस्त्यानं बेळगाव-बेंगळूर पाचशेच्या आसपास. फरक थोडाच, कारण नकाशावर सरळ रेघ मारली तर ती धारवाड आणि चित्रदुर्गाजवळून, जवळपास हायवेच्याच अंगानं जाते.

या मार्गावर एटीआर ७२ हे पंख्याचं विमान असेल तर त्याचा वेग ताशी पाचशे किलोमीटरच्या घरात. हिशेबानं ५५ मिनिटं पुरायला हवीत, तरी तिकिटावर सव्वा तासाच्या आसपास दिसतो. तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पलीकडे थांबेपर्यंतची असते. बेंगळूरला उतरायला रांग, उतरल्यावर जागेपर्यंतचा लांब फेरा, हे सगळं त्यात धरलेलं. रांग नसली की विमान 'वेळेआधी' पोचतं, त्यात वैमानिकाची काही कमाल नाही.

शहरातून सांबरा दहा किलोमीटर. सीबीटीवरून, म्हणजे बेळगावच्या मध्यवर्ती बसस्थानकावरून, सांबऱ्याला सिटी बस आहे, पण बॅगा घेऊन गर्दीत चढण्यापेक्षा रिक्षा बरी; भाडं आधीच ठरवा. चेक-इनचा काउंटर सहसा सुटायच्या तासभर आधी बंद होतो. टर्मिनल लहान म्हणून शेवटच्या क्षणी जाणारे इथंच फसतात. दीड तास आधी पोचलं की पुरे.

एटीआरमध्ये वरचे कप्पे अरुंद. मोठी ट्रॉली विमानाच्या दारात टॅग लावून खाली घेतात, तेव्हा औषधं, चार्जर आणि पॉवर बँक वेगळ्या पिशवीत ठेवा. पॉवर बँक खालच्या सामानात चालत नाही. कुंदा (बेळगावची मिठाई) हातात न्या, लोणच्याची बरणी मात्र चेक-इनच्या बॅगेत, दोन पिशव्यांत घट्ट बांधून. सकाळच्या विमानात उजवीकडची खिडकी घ्या, ऊन डोळ्यांवर येत नाही. पंख विमानाच्या वर असल्यानं खालचं सगळं दिसतं. आवाजाचा त्रास होत असेल तर पंख्याजवळच्या रांगा टाळून मागे बसा.

खरा वेळ बेंगळूरला उतरल्यावर जातो. विमानतळ देवनहळ्ळीजवळ, शहरातलं मुख्य बसस्थानक मॅजेस्टिक तिथून सुमारे ३५ किलोमीटर. विमानतळाची वायु वज्र बस बाहेरच मिळते, मॅजेस्टिकसाठी केआयए-९ नंबरची. संध्याकाळी दीड-दोन तास धरून चला. घर ते मॅजेस्टिक मिळून साडेपाच-सहा तास होतात. वंदे भारतला गाडीतच साडेआठ तास लागतात. यशवंतपूरकडं, म्हणजे रेल्वेच्या वाटेवरच, काम असेल आणि तिकिटाचा दर चढला असेल, तर विमानाचा हट्ट कशाला?

जून ते सप्टेंबर सांबऱ्यावर ढग खाली येतात. धावपट्टी दिसली नाही तर विमान घिरट्या घालतं, नाहीतर दुसरीकडं वळवतात किंवा परत नेतात. बेंगळूरहून पुढचं विमान वेगळ्या तिकिटावर असेल तर पावसाळ्यात मध्ये किमान चार तास ठेवा. पहिलं चुकलं तर दुसरी कंपनी जबाबदारी घेत नाही. एकाच तिकिटावर दोन्ही असतील तर पुढची सोय विमान कंपनीलाच करावी लागते.

निपाणीकरांनी सांबऱ्याआधी कोल्हापूरचं उजळाईवाडी पाहावं, ते निम्म्या अंतरावर आहे. फक्त त्या वारी विमान आहे का ते आधी बघून घ्या. कित्तूरकडच्यांनी हुबळीचे दरही ताडून पाहावेत.