ब्रॉडकॉमचं वायफाय कार्ड आणि लिनक्स मिंट : माझा अनुभव

घाटंजी तालुक्यातल्या आमच्या गावात पोलीस भरतीची अन् एमपीएससीची तयारी करणारी पोरं अभ्यासिकेत बसतात. त्यांच्यासाठी एक जुना लॅपटॉप मिळाला, रॅम ४ जीबी, म्हणून त्यावर लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टम टाकली. मशीन छान पळायला लागलं, पण वायफायचा पत्ताच नाही. “दादा, नेट तं दिसूनच नाही राह्यलं,” पोरगा म्हणाला.

अशा वेळी कंपनीचं नाव पाहून ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्राम) शोधत बसू नका. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, ‘एलएसपीसीआय -एनएन’ द्या आणि नेटवर्कच्या ओळीत शेवटी चौकटी कंसात असलेला क्रमांक वाचा. आमचा होता १४ई४:४३६५, म्हणजे ब्रॉडकॉमचं बीसीएम४३१४२. याला ‘बी४३’ ड्रायव्हर चालत नाही, ‘डब्ल्यूएल’ लागतो. तो कर्नलसोबत (लिनक्सच्या गाभ्यासोबत) येत नाही, ‘ब्रॉडकॉम-एसटीए-डीकेएमएस’ हे पॅकेज टाकावं लागतं.

पण पॅकेज उतरवायला नेट हवं, आणि गावात तारेचं नेट नाही. इथं अँड्रॉइड फोन कामी येतो. डेटा केबलने जोडून यूएसबी टेदरिंग सुरू केलं की लिनक्स त्याला वायरचंच नेटवर्क समजतं. केबल नुसती चार्जिंगची असेल तर तो पर्याय सुरूच होत नाही, एवढं बघा. आमच्याकडे रेंज स्लॅबवरच मिळते, तेव्हा लॅपटॉप घेऊन वर बसलो. पॅकेजसोबत कर्नलचे हेडर्स, म्हणजे ड्रायव्हर बनवायला लागणाऱ्या फाइलीही घेतल्या, कारण ड्रायव्हर आपल्याच मशीनवर तयार होतो.

खरी परीक्षा पुढे होती. या लॅपटॉपमध्ये सिक्युअर बूट, म्हणजे सुरू होताना सॉफ्टवेअरची सही तपासणारं संरक्षण, चालू होतं, आणि अशा मशीनवर डिजिटल सहीशिवाय बनलेला ड्रायव्हर कर्नल आत घेत नाही. म्हणून पॅकेज टाकताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात, ८ ते १६ अक्षरांचा. तो कागदावर लिहून ठेवा. रीस्टार्ट केल्यावर निळा पडदा येतो, तिथं १० सेकंदांत कोणतंही बटण दाबायचं, मग ‘एनरोल एमओके’ (म्हणजे आपली सही नोंदवा), ‘कंटिन्यू’, ‘येस’ आणि तोच पासवर्ड. सिक्युअर बूट बंद करून टाका असा सल्ला बरेच जण देतात. मला तो पटत नाही. सही नोंदवायला दोन मिनिटं लागतात आणि संरक्षण शाबूत राहतं.

मशीन सुरू झालं, ड्रायव्हर सुरू करणाऱ्या ‘मॉडप्रोब डब्ल्यूएल’ या आज्ञेने तक्रार केली नाही आणि यादीत वायफायची नावं आली. पोरांनी लगेच जुन्या प्रश्नपत्रिका उतरवायला घेतल्या. पुढे कर्नल अपडेट झाला तरी डीकेएमएस ही व्यवस्था ड्रायव्हर आपोआप पुन्हा बनवून देते, फक्त नव्या कर्नलचे हेडर्स सोबत आले पाहिजेत. एक गोष्ट मात्र पोरांना बजावून ठेवली आहे : हे कार्ड २.४ गिगाहर्ट्झवरच चालतं, तेव्हा फोनचा हॉटस्पॉट ५ वर असेल तर तो यादीत दिसणार नाही. आधी फोनमध्ये बँड बदला, मग ड्रायव्हरवर शंका घ्या.