बाकीचे रिपोर्ट आले, तो एकच आला नाही

कंडोम फाटला होता, आणि ज्याच्यासोबत मी होते त्याने एचआयव्हीची तपासणी कधीच केलेली नव्हती. दुसऱ्याच दिवशी मी घोडबंदर रस्त्यावरच्या एका डॉक्टरबाईंकडे गेले. त्यांनी एकही अनावश्यक प्रश्न न विचारता पीईपीची, म्हणजे संसर्ग रोखण्यासाठीच्या औषधांची, चिठ्ठी लिहून दिली. ही औषधे शक्य तितक्या लवकर आणि जास्तीत जास्त 72 तासांच्या आत सुरू करावी लागतात. मला टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राविर अशी तिन्ही औषधे असलेली एकच गोळी रोज, 28 दिवस घ्यायची होती. गर्भधारणेची काळजीही त्याच भेटीत मिटली. सुरुवातीची मळमळ सोडली तर गोळ्यांचा काळ बराचसा सुरळीत गेला.

खरा त्रास झाला तो सहा आठवड्यांनंतरच्या तपासणीत, आणि तो विषाणूपेक्षा एका लॅबच्या कारभाराने दिला.

घराजवळ ओळखीचे कोणी भेटायला नको म्हणून मी नौपाड्यातली एक खासगी लॅब निवडली होती. फॉर्मवर वडिलांचे किंवा पतीचे नाव अशी जागा होती. काउंटरवरच्या मुलीने मागे रांग उभी असताना मोठ्याने विचारले, "मिस्टरांचं नाव काय? की लग्नाआधीची टेस्ट आहे?" मी वडिलांचे नाव लिहिले. संमतिपत्र तिने पावत्यांच्या गठ्ठ्यासोबत पुढे सरकवले आणि बोटाने सहीची जागा दाखवली. 2017 चा एचआयव्ही आणि एड्सविषयीचा कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. त्यानुसार तपासणीआधी समजावून सांगून संमती घ्यायची असते, आणि तपासणीआधी व नंतर समुपदेशन करायचे असते. त्या काउंटरवर समुपदेशनाच्या नावाखाली मला फक्त "संध्याकाळी व्हॉट्सॲपवर येईल" हे एवढेच ऐकायला मिळाले.

संध्याकाळी रिपोर्ट आले. मूत्रपिंडांसाठीचे क्रिएटिनिन आले, यकृताच्या तपासण्या आल्या, हिपॅटायटिस बी निगेटिव्ह आला. एचआयव्हीचा आला नाही. मी फोन केला तेव्हा पलीकडच्या माणसाने संगणकावर काहीतरी पाहिले, थोडा थांबला आणि म्हणाला, "मॅडम, तो रिपोर्ट आम्ही फोनवर सांगत नाही. तुम्हाला स्वतः यावं लागेल." का, असे विचारल्यावर "तसा नियम आहे" आणि मग "सर सोमवारी येतील". तो दिवस शनिवार होता.

सहा आठवडे ज्या भीतीला मी कसेबसे आवरून धरले होते, तिला त्या एका वाक्याने मोकळे रान मिळाले. निगेटिव्ह असता तर पाठवला असता, बोलावतात म्हणजे काहीतरी आहे, हाच विचार रविवारभर चालू राहिला. आई जेवायला बोलावत होती आणि मी आरशासमोर मानेच्या गाठी चाचपत होते. संसर्ग असलेल्या जोडीदाराकडूनही अशा एका संबंधात स्त्रीला लागण होण्याची शक्यता साधारण 10,000 मध्ये 8 असते, हे डॉक्टरबाईंनी सांगितलेले मला पाठ होते. पण त्या दिवशी मला ते आठच दिसत होते. रात्री मी 1097 या राष्ट्रीय एड्स हेल्पलाइनला फोन केला. पलीकडच्या बाईंनी शांतपणे सांगितले की गोपनीयतेसाठी अनेक लॅब हा रिपोर्ट फक्त हातातच देतात, मग निकाल काहीही असो. हेच वाक्य काउंटरवर रक्त घेताना सांगायला किती वेळ लागला असता?

सोमवारी ऑफिसला दांडी मारून मी तीन हात नाक्याच्या सिग्नलला अडकत तिथे पोहोचले. "सर" आलेले नव्हते. बऱ्याच वेळाने पिना मारलेले पाकीट मिळाले आणि त्यात "नॉन-रिॲक्टिव्ह", म्हणजे निगेटिव्ह, असे लिहिले होते. शेजारी 0.21 असा आकडा होता. तो शून्य का नाही, हे विचारले तर उत्तर मिळाले, "ते डॉक्टरांना विचारा."

त्या आकड्याचा उलगडा तीन महिन्यांच्या तपासणीच्या वेळी झाला. ती तपासणी मी महापालिका रुग्णालयातल्या एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात, म्हणजे आयसीटीसीत, विनामूल्य करून घेतली. सरकारी ठिकाणी चारचौघांत लाज वाटेल अशी धास्ती होती, पण बाकावर बहुतेक गरोदर बायका बसल्या होत्या. गरोदरपणात ही तपासणी नेहमीच करतात, त्यामुळे माझ्याकडे कोणी वळूनही पाहिले नाही. समुपदेशक ताईंनी दार लावून घेतले आणि आधी माझे पूर्ण ऐकून घेतले. 1 च्या खालचा कोणताही आकडा निगेटिव्हच, थोडासा संसर्ग असे काही नसते, हे त्यांनी सांगितले. नव्या तपासण्यांत विषाणूचा अंश आणि प्रतिपिंडे दोन्ही पाहतात, त्यामुळे एरवी 45 दिवसांनंतरचा निकाल पुरेसा धरतात, पण पीईपी घेतलेल्याने तीन महिन्यांची तपासणी चुकवू नये, हेही त्यांच्याकडूनच कळले. निकाल त्याच दिवशी, त्याच खोलीत, त्यांच्याच तोंडून कळला. निगेटिव्ह. मी रडले तेव्हा त्यांनी पाण्याची बाटली पुढे केली आणि पुढच्या बाईला बाहेर थोडे थांबायला सांगितले.

एक राहिलेच: पीईपीच्या गोळ्या प्रत्येक औषध दुकानात नसतात, म्हणून दुकानदाराने "उद्या मागवतो" म्हटले तर न थांबता डॉक्टरांनाच दुसरे दुकान विचारावे. आणि खासगी लॅबमध्येच जायचे असेल तर हा रिपोर्ट कसा आणि कोणत्या वारी मिळेल हे सुई टोचण्याआधी विचारून घ्यावे, शनिवारी तर जाऊच नये.

त्या लॅबला मी पत्र लिहिले. "एचआयव्हीचा रिपोर्ट, निकाल काहीही असला तरी, प्रत्यक्षच दिला जातो" एवढे एक वाक्य पावतीवर छापावे, अशी विनंती केली. उत्तर अजून आलेले नाही.