व्हीनसकडे पाठ करून

सिसिलीतल्या सिराक्यूजला, पाओलो ओर्सी संग्रहालयात, बहुतेक लोक बिनडोक्याच्या व्हीनसच्या पुतळ्याचे फोटो काढतात आणि निघतात. मी तर म्हणेन, आधी खापरं बघा. इ.स.पू. 733च्या सुमारास कॉरिंथचे ग्रीक आले आणि शहर वसलं, ही गोष्ट सगळ्यांना पाठ असते. त्यांनी ओर्तिजा बेटावरच्या, म्हणजे आजच्या शहराच्या जुन्या भागातल्या, सिकेल या स्थानिक लोकांना आधी हुसकावलं, हे खुद्द ग्रीक इतिहासकार थुसिडिडीस लिहितो. सिकेलांच्याही मागे जायचं तर मात्र मातीलाच विचारावं लागतं.

सगळ्यांत जुनी खापरं स्तेन्तिनेल्लोची. शहराजवळचं, खंदकानं वेढलेलं नवाश्मयुगीन गाव. रंग नाही, नुसते ठसे. शिंपल्याची दातेरी कड ओल्या मातीत दाबत नेलेली. माती फार ओली असली तर ठशाच्या बाजूला वरंबा उठतो, फार सुकली तर काठ तडकतो. काही वाडग्यांच्या काठाखाली डोळ्यांची जोडी उमटवलेली असते. इतकं थेट कोणी बघत असेल, तर तिथेच पाय अडतात.

पुढे कांस्ययुगातल्या कास्तेलुच्चो या वस्तीची भांडी. लालसर-पिवळट अंगावर काळपट तपकिरी रेघा, जाळ्या, नागमोडी पट्टे. मराठी माणसाला लगेच इनामगावची, ताम्रपाषाण काळातली जोर्वे भांडी आठवतात. फसू नका, फुटकी कड आणि आतली बाजू बघा. जोर्वेच्या भांड्यात चाकाच्या बारीक गोल रेघा दिसतात. इथे त्या नाहीत, आणि जाडीही सारखी नाही, कारण भांडं हातानं घडवलेलं आहे. नक्षी जुळली म्हणून नातं जुळत नाही.

खरा घोटाळा थाप्सोसला, सिराक्यूजजवळच्या कांस्ययुगीन वस्तीत, होतो. तिथल्या थडग्यांत करड्या, कोरीव नक्षीच्या स्थानिक भांड्यांशेजारी मायसेनी, म्हणजे कांस्ययुगातल्या ग्रीसची, भांडी निघाली, तीही वसाहतीच्या पाचशेहून अधिक वर्षं आधीची. म्हणजे ग्रीक तेव्हाच राहायला आले? छे. भांडी जहाजातून येतात. वस्ती ठरवायची तर झोपड्यांचे पाये, चूल आणि रोजच्या स्वयंपाकाची जाडीभरडी मडकी बघावी लागतात, आणि दुर्दैवानं प्रदर्शनात त्यांच्याकडेच कोणी फिरकत नाही. खुद्द ओर्तिजा बेटावर, ग्रीक मंदिरांच्या परिसरातही, खालच्या थरांत अशा झोपड्यांच्या खुणा सापडल्या. वर मंदिराचे खांब कॅथेड्रलच्या भिंतीत अजून उभे आहेत.

त्यानंतरच्या पांतालिका या डोंगरी वस्तीची लाल, घोटून चकचकीत केलेली, उंच बैठकीची भांडी चाकावरची. रंगवलेली नक्षी इथे जवळजवळ गायब. त्यानंतर पिसासारखे रंगाचे फटकारे येतात, आणि शेवटी ग्रीक भौमितिक नक्षीची नक्कल.

पांतालिकाच्या दरीत कड्यांत खोदलेली सुमारे पाच हजार थडगी आहेत आणि चढ दमवणारा आहे. तिथे मडकं शोधू नका. निघालेली बरीचशी भांडी याच संग्रहालयात आहेत. म्हणून संग्रहालय आधी, दरी नंतर. उलट्या क्रमानं गेलं की नुसती भोकं दिसतात.