उन्हाळा गाळलेला तक्ता

गेल्या रविवारी आमच्या सोलापुरातल्या खुल्या माहितीच्या गटाची बैठक होती. वर्षभर कोणत्या विषयांचे आकडे गोळा करून सगळ्यांसाठी खुले करायचे, ते ठरवायचं होतं. पोरांच्या यादीत झाडं, बसथांबे, स्मार्ट सिटीची कामं. कारण एकच, फाइल आयती मिळते. मला हे पटत नाही. मिळतंय ते घेत गेलं की गावाला जे हवंय ते राहूनच जातं.

नमुना म्हणून एकीने सोलापूरला पाणी देणाऱ्या उजनी धरणाच्या साठ्याचा आलेख लावला. पीडीएफमधून काढलेले आकडे, जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये आणलेला, आठवडाभराची मेहनत. पाच्छा पेठेतल्या एक मावशी आल्या होत्या, विडी वळतात. त्या म्हणाल्या, "ह्यात उन्हाळा कुठाय ओ?"

खरंच नव्हता. टक्केवारी शून्याखाली जात नाही असं धरून प्रोग्रामने उणे आकडे चुकीचे म्हणून गाळले होते. उजनीत मावतं ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातला ६३ हून जास्त मृतसाठा, म्हणजे धरणाच्या दरवाज्यांखाली तळाशी राहणारं पाणी. टक्के मोजतात ते त्यावरच्या पाण्याचे, म्हणून पाणी त्याखाली उतरलं की आकडा उणे. २०२४ च्या उन्हाळ्यात तो उणे ५० च्याही खाली गेला होता. सोलापूर ज्या दिवसांत हवालदिल असतं, नेमके तेच आमच्या तक्त्यातून गायब. ती फाइल मीही तपासली होती.

मग मावशींनी मोबाइलवर घरच्या कॅलेंडरचा फोटो दाखवला. नळ आला त्या तारखेला गोल, शेजारी वेळ. पहाटे ३.१०. रात्री ११.४०. दोन गोलांमध्ये कधी चार चौकोन, कधी पाच. एक गोल काढून खोडलेला, त्या दिवशी पाणी गढूळ होतं. अशी तीन वर्षांची कॅलेंडरं त्यांनी जपून ठेवलीत. धरण भरलेलं असतानाही त्यांच्या गल्लीत गोल जवळ आलेले नाहीत. हे कुठल्याच सरकारी फाइलीतून मला दिसलं नसतं. विषय तिथेच ठरला: पेठवार पाण्याचा दिवस.

उठताना त्यांनी विचारलं, "मग विडीचं कधी घेता? हजार विड्यांमागं किती बाद करतात, ते लिहा की."

मी नाही म्हणालो. एका ब्रँचमध्ये, म्हणजे वळलेल्या विड्या जमा करायच्या कंपनीच्या केंद्रात, बायका मोजक्याच. नाव गाळलं तरी कोणी सांगितलं ते कळणार, आणि काम जायचं ते त्यांचं. मावशी "बरं" म्हणाल्या आणि गेल्या.

घरी आल्यावर सुचलं, पाच-सहा ब्रँचचे आकडे एकत्र करून महिन्याचा एकच आकडा दिला तर? तेवढ्याने पुरेल का, अजून ठरत नाही. उद्या पाच्छा पेठेत जाऊन आधी त्यांनाच विचारणार आहे.